पाखराच्या पोटातला शाळू

जीपमधून ते पाखरू खाली उतरवलं तेव्हा झुंबरबाईनं जो पदर नाकाला लावला, तो पुढचे पंधरा दिवस काही निघाला नाही. कोंबडा म्हणावा तर अंगानं शेळीच्या करडाएवढा थोराड, आणि गिधाड म्हणावं तर अंगाला कोंबडीचीच घाण. मान उघडीनागडी. तिच्यावर निळे-तांबडे फोड, गळवं पिकावीत तसे. चोचीवरून मांसाची एक लांब वळी लोंबत होती. राग आला की ती फुगायची आणि दाणे टिपताना दाण्यांतच लोळायची.

"ह्ये खायाचं?" झुंबरबाईनं विचारलं.

"खायाचंच हाय, मावशी," गोरक्ष म्हणाला. "पन आज न्हाई. पंधरा दिसांनी. त्यांचा सण हाय."

गोरक्ष म्हणजे साहेबाचा दुभाष्या. मॅट्रिक झाला होता आणि ते कोणाला विसरू देत नव्हता. साहेब अमेरिकेचा. विहिरींना कोरड पडली, तळी आटून त्यांत गुरं बसायला लागली, तेव्हा कुठल्याशा संस्थेनं त्याला बोर पाडायचं यंत्र देऊन मिरजगावात धाडलं होतं. बरोबर त्याची मडम. दोघांनी गावाबाहेरचा बंगला भाड्यानं घेतला होता आणि तिथं झाडलोट, भांडी, चूल हे सगळं झुंबरबाईकडं होतं. नवरा रंगनाथ दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. दोघं मिळून कसंबसं रेटत होते.

"कसला सण?"

"आपल्या दिवाळीसारखाच म्हना. सुगी घरात आली की देवाचं आभार मानायचं, पाव्हनं बोलवायचं आन् ह्ये पाखरू कापायचं. तिकडं घरोघर कापत्यात. मडमला हितं करमंना, म्हून साहेबानं पुन्याहून मागवलंय."

झुंबरबाईनं कुंपणापलीकडच्या रानाकडं पाहिलं. काळी जमीन भेगाळून पडली होती. "सुगी? कुठं आली सुगी?"

"त्यांच्या तिकडं आली आसंल की."

दिवाळी होऊन तीन-चार दिवसच झाले होते. ती कशी झाली ते झुंबरबाईला ठाऊक. घरात करंजी नव्हती, कडबोळं नव्हतं, पणतीत घालायला तेल नव्हतं. आणि आता ह्या बयेची दिवाळी. पण असू दे. ज्याचा सण त्याला गोड. आपल्या घराला आठवण झाली की माणूस काहीही करतो, हे तिला कळत होतं. तिला किळस होती ती फक्त त्या पाखराची.

मडमनं सांगितलं, पाखराला पोटभर दाणा घालायचा. कोठीच्या खोलीत पोतं आहे, त्यातला घालायचा. पोत्यात मिलो होती.

मिलो म्हणजे तांबडी ज्वारी. परदेशातून जहाजं भरभरून आली होती आणि रेशनच्या दुकानात तीच मिळायची. ज्वारी म्हणायची आपली रीत म्हणून, नाहीतर तिच्यात ज्वारीचं काही नव्हतं. पीठ मळावं तर चिकटपणा नाही. भाकरी थापावी तर परातीतच फाटते. भाजून पोटात घातली तर घशात खरखर आणि नंतर दोन दिवस कळा. गावातल्या बैलांनी हुंगून तोंड फिरवलं होतं, आणि माणसं तीच खाऊन खडी फोडत होती. झुंबरबाईच्या घरातही तीच. मिलोचा वास आला तरी तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, पण ते मळमळीचं.

पाखरानं दोन दिवस मिलो खाल्ली. तिसऱ्या दिवशी ते कुंपणाच्या कोपऱ्यात पिसं फुगवून बसलं. चौथ्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. हिरवट, चिकट घाण सगळ्या अंगणात, आणि ती काढायची झुंबरबाईनं. राख टाकायची, खराट्यानं ओढायची, आणि तोवर हे महाराज पुढं जाऊन दुसरीकडं करून ठेवायचे.

"आमच्याबी पोटाचं ह्येच झालंय, बाबा," ती त्याला म्हणाली. "पन आमी माघारी राख टाकाया मानूस ठिवत न्हाई."

गोरक्षनं पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. "मावशी, ह्ये मेलं तर मडम रडून गाव डोक्यावर घील. तुझ्या ताब्यात दिलंय."

झुंबरबाईच्या मनात निराळंच शिजायला लागलं होतं. गावात लक्ष्मीआईच्या जत्रेला मानाचा बोकड असायचा. दरवर्षी एका घरानं तो पोसायचा. त्याला हलकं घालायचं नाही, उष्टं घालायचं नाही. घरातला पांढरा दाणा घालायचा, मग घरची माणसं कोंडा खाऊन राहोत. पण जत्रा झाली की गाव त्या घराचं भरून द्यायचं. प्रत्येक उंबऱ्यातून मापटं यायचं, तेही शीग लावून. ती नवी नवरी होती त्या वर्षी बोकड सासऱ्याकडं होता आणि नंतर कणगीचं झाकण बसेना इतकी भर आली होती. मात्र आपण तोंडानं मागायचं नाही. देवाच्या दाण्याचा हिशेब ज्यानं मागितला, त्याचं पुण्य गेलं.

हे पाखरूही सणाचंच. मडमच्या देवाचं. त्याला ही तांबडी घाण घातली म्हणूनच ते बसलं, असं तिच्या मनानं घेतलं. मडम परकी, तिला दाण्यातलं काय कळतंय? पण आपल्याला कळतं ना.

पांढरा दाणा म्हणाल तर सबंध वस्तीत तो तिच्याच घरात होता. दोन पायल्या शाळू. गेल्या साली रानानं दिलेला शेवटचा. एका डेऱ्यात भरून, तोंड शेणानं लिंपून, तो तिनं चुलीमागं ठेवला होता. तो कोणासाठी, हेही ठरलेलं होतं. लेक चांगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा सरला होता. बाळंतिणीला मिलो घातली तर दूध आटेल, पोराचं पोट फुगेल. निदान बाराव्यापर्यंत तरी पोरीच्या ताटात पांढरी भाकरी पडावी, एवढ्यासाठी नवराबायको सहा महिने त्या डेऱ्याकडं नुसते बघत होते.

तिनं लिंपण फोडलं तेव्हा रंगनाथ अंथरुणातून उठून बसला.

"लेकीच्या तोंडचं काढून त्या गिधाडाला घालतीस?"

"मूठभरच. उठंपातुर. आन् अवो, भरून देत्याल की. मोठी मानसं हायती. यवढ्या लांबनं आपल्याला पानी काढाया आली, ती दान्याला का नडत्यात?"

"बोलली का मडम तसं?"

"सगळंच बोलून दाखवाया लागतंय व्हय?"

रंगनाथ पुन्हा आडवा झाला. बायकोपुढं त्याचं कधी चाललं नव्हतं.

पाखरू पहिल्या मुठीनंच उठलं. पण आता त्याला शाळूची चटक लागली. मिलो टाकली की ते मान वाकडी करून बघायचं आणि पायानं उडवून द्यायचं. शाळूची मूठ दाखवली की धावत यायचं आणि तळहातावरूनच टिपायचं. ती ओली, गार वळी झुंबरबाईच्या मनगटावरून सरपटायची. तिच्या अंगावर काटा यायचा. ती दुसरीकडं तोंड करून हात पुढं धरायची आणि मनात म्हणायची, खा मेल्या खा, माझ्या लेकीचं खा. एका मुठीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. सकाळ-संध्याकाळ पदराच्या सोग्यात बांधून ती शाळू बंगल्यावर न्यायची. पाखरानं अंग धरलं, पिसं तकतकीत झाली. मडम येऊन बघायची आणि टाळ्या वाजवायची.

"मडम म्हनत्यात, मावशीच्या हाताला गुन हाय," गोरक्ष सांगायचा. "सणाच्या दिशी समद्यांम्होरं तुजं आभार मानून तुला दान्याची भेट देनार हायती."

झालं तर मग. झुंबरबाईच्या मनातली उरलीसुरली धाकधूकही गेली. माणसं सारखीच असतात म्हणायची. कातडी गोरी असली म्हणून रीत थोडीच बदलते.

चांगुणा मात्र थांबली नाही. सण गुरुवारी होता आणि ती सोमवारीच बाळंतीण झाली. मुलगी झाली, काळीसावळी, चांगल्या आवाजाची. झुंबरबाईनं डेऱ्यात हात घातला तर नखांना तळ लागला. झाडून-पुसून तीन दिवसांचं पीठ निघालं. गुरुवारी सकाळी शेवटची भाकरी तिनं लेकीला घातली.

"आज भरून येतंय," ती म्हणाली. "डेरा म्हनशील तर झाकान बसायचं न्हाई."

चांगुणाला सगळं माहीत होतं. आई रोज पदरात काय बांधून नेते, हे अंथरुणावर पडून पडून तिनं पाहिलं होतं. ती एवढंच म्हणाली, "लौकर ये, आये. भूक लई लागतीय गं."

शेजारच्या आक्काबाईला लेकीजवळ बसवून झुंबरबाई बंगल्यावर गेली. पाखरू आदल्या दिवशीच बेकरीवाल्या बाबाजाननं कापलं होतं. सोललेलं ते टेबलावर पालथं पडलं होतं, पिवळटपांढरं, मेलेल्या माणसाच्या पायासारखं. मडमनं शिळ्या पावाचा चुरा केला, त्यात लोणी आणि कांदा कालवला, आणि तो लगदा मुठीमुठीनं पाखराच्या मागच्या भोकातून आत कोंबला. कोपरापर्यंत हात आत. वर गाणं म्हणत होती. झुंबरबाईनं डोळे मिटून घेतले. पुढं लाल भोपळा आला, तो शिजवून त्यात साखर आणि दालचिनी. अंबाडीच्या तांबड्या बोंडांचा साखर घालून मुरंबा केला, आणि तो म्हणे मटणावर घालून खायचा. गोडाला तिखट नाही, तिखटाला मीठ नाही. असला सैपाक आपल्याकडं श्राद्धालासुद्धा कोणी करत नाही.

बंगल्यात भट्टी नव्हती, म्हणून पाखरू बाबाजानच्या बेकरीत भाजायला गेलं. चार तास भाजत होतं. लोण्याचा वास सगळ्या पेठेत सुटला. समोर रेशनच्या रांगेत बाया मिलोसाठी पिशव्या घेऊन उभ्या होत्या, त्यांनी तो वास खाल्ला. बाबाजाननं परात आणून दिली तेव्हा तो झुंबरबाईला म्हणाला, "बाई, आजपात्तुर भट्टीपुढं मला कदी लाज वाटली नव्हती."

दुपारी पाहुणे आले. नगरहून, सोलापुराहून, सहा जण, सगळे गोरे. टेबलावर पांढरी चादर, मधोमध परातीत ते पाखरू, तंगड्या वर करून. मडमनं झुंबरबाईला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा ती खुर्चीवर बसली आणि पाय कुठं ठेवावेत ते तिला कळेना. मग एकेकानं उठून आभार मानले. गोरक्ष तिच्या मागं उभा राहून सांगत होता. एकाच्या गावी पाऊस चांगला झाला म्हणून. एकीच्या बहिणीचं पत्र आलं म्हणून. साहेबानं पाडलेल्या चार बोरना पाणी लागलं म्हणून. शेवटी मडम उठली, तिचे डोळे भरून आले होते. घरापासून इतक्या लांब, परमुलखात तिचा सण झाला, तो झुंबरबाईमुळं, असं ती म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

झुंबरबाईच्या ताटलीत मांसाचे दोन काप पडले. वर तो मुरंबा. सणाचा घास नाकारू नये म्हणून तिनं एक तुकडा तोंडात घातला. फिकं, कोरडं, गोडसर. तो दातांत फिरत राहिला, खाली जाईना. पाण्याबरोबर तिनं तो कसाबसा ढकलला आणि हसली.

मग दोन गड्यांनी कोठीतून पोतं आणलं. भरलेलं, तोंडाला लाल रेशमी फीत. आलं भरून! न मागता आलं! दोन पायल्यांचं पोतं केलं मडमनं! ती खुर्चीवरून उतरली, खाली बसली, आणि सगळ्यांच्या देखत फीत सोडून तिनं पोत्यात हात घातला.

मूठ वर आली ती तांबडी.

तिनं आणखी खोल, कोपरापर्यंत हात घातला. तांबडीच.

"गोरक्षा," ती म्हणाली, "काय तरी चुकलं बग. माजा पांडरा हुता."

"काय पांडरा?"

"शाळू. पाखराला घातला त्यो. दोन पायल्या."

गोरक्षनं ते साहेबाला सांगितलं. टेबलावरचं बोलणं थांबलं. साहेबानं दोनदा विचारून घेतलं, आणि मग तो मोठ्यानं हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, तो मनाचा साधा माणूस होता. पुष्कळ वेळ बोलला. गोरक्ष मान खाली घालून ऐकत राहिला.

"काय म्हनतोय?"

"काय न्हाई, मावशी."

"सांग."

"साहेब म्हनत्यात, उगंच तरास घेतलास. पोत्यातलीच घालायची हुती." गोरक्षनं पोत्याकडं बोट केलं. "त्यांच्या वडलांचं लई मोठं रान हाय. तिकडं हीच मिलो पिकती. ही पाखरं तिच्यावरच पोसत्यात. डुकरंबी. गुरंबी."

"आन् मानसं?"

गोरक्षनं विचारलं. साहेबाचं हसू थांबलं. त्यानं ताटलीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि एकच शब्द बोलला. तो कळायला दुभाष्या लागला नाही.

झुंबरबाईला पहिल्यांदा राग आलाच नाही. आली ती किळस. त्या चादरीची, त्या लाल फितीची, डोळे पुसणाऱ्या त्या मडमची. आणि सगळ्यांत जास्त स्वतःची. तांबडी भाकरी खाताना रोज जी मळमळ व्हायची ती खोटी नव्हती. पोटाला आधीच कळलं होतं आपण कोणाचं खातोय ते. आणि पांढरा दाणा होता तो तिनं हातानं, पदरात बांधून बांधून, त्या पाखराला नेऊन घातला होता. कोणी सांगितलं नसताना.

ती उठली. टेबलाजवळ गेली आणि मधली परात दोन्ही हातांनी उचलली. अर्ध्याहून जास्त पाखरू तिच्यात होतं.

"गोरक्षा, सांग त्यास्नी. ह्येच्यात माज्या लेकीचा दोन पायल्या शाळू हाय. त्यो मी घरी न्येते."

गोरक्षनं सांगितलं की नाही कोण जाणे. साहेब अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. मडमनं तोंडावर हात धरला. कोणी तिला अडवलं नाही.

परातीवर पदर टाकून ती भर पेठेतून गेली. लोक उभे राहून बघत होते. तिनं कोणाकडं पाहिलं नाही.

चांगुणा अंधाऱ्या खोलीत शेगडीपाशी बसली होती. झुंबरबाईनं तंगडी मोडून तिच्या हातात दिली. "खा. तुजंच हाय."

चांगुणानं भुकेल्या माणसासारखा मोठा लचका तोडला. दोनदा चावला आणि थांबली. आईकडं पाहून पुन्हा चावायला लागली. मग तिचे गाल फुगले आणि तिनं शेजारच्या घमेल्यात सगळं ओकलं.

"गोड हाय गं," ती तोंड पुसत म्हणाली. "आन् कसलातरी वास येतोय." थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "आये, भाकर न्हाई का?"

आक्काबाईनं मधल्या मधे एक तुकडा चटणीला लावून खाऊन पाहिला होता. "मीठ न्हाई, येवढंच," ती म्हणाली, आणि दुसरा उचलला.

झुंबरबाई घरामागं गेली. घशात बोटं घालून बंगल्यावरचा तो एक घास तिनं बाहेर काढला. तो निघाला तरी उमासे थांबेनात. पुढं दाराशी जीपचा आवाज झाला. गोरक्ष उतरला, पोतं उंबऱ्यापाशी टेकवून ठेवलं, आणि निघून गेला. फीत कोणीतरी पुन्हा नीट बांधून दिली होती.

पोतं बराच वेळ तिथंच राहिलं. आत पोर रडत होती. शेवटी झुंबरबाईनं फीत सोडली, सुपात दोन ओंजळी घेतल्या आणि ती जात्यावर बसली. पीठ तांबडं पडलं. भाकरी तीन वेळा फाटली, चौथ्यांदा तिनं पाण्याच्या हातानं जोडून तव्यावर टाकली.

चांगुणानं ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. "बरी झालीय, आये," म्हणाली आणि पोरीला पदराखाली घेतलं. पोर चुटूचुटू ओढायला लागली. झुंबरबाईला तिकडं बघवलं नाही.